पाण्याची गोळी

मेट्रनबाईंना आयुष्यात कशाची किळस आली नव्हती. सरकारी इस्पितळाच्या पुरुष वॉर्डात सगळी नोकरी काढलेल्या बाईला किळस परवडतच नाही. पू, रक्त, उलट्या, चिघळलेल्या जखमा, बेडपॅन, हे सगळं त्यांनी निस्तरलं आणि साबणाने हात धुऊन त्याच हातांनी डबा खाल्ला. नव्या पोरी नाकाला रुमाल लावायच्या तेव्हा त्या म्हणायच्या, "रुमाल खिशात ठेव. तुला वास येतोय हे त्याला कळतं." अशा बाईला म्हातारपणी एका चकचकीत ऑफिसात, एसीच्या गार हवेत, अत्तर लावलेल्या माणसासमोर बसून मळमळलं.

तो माणूस व्हिसा मिळवून देणारा एजंट. त्याचं ऑफिस बुटांच्या दुकानावर होतं. जिनाभर नव्या चामड्याचा वास आणि वर पोचलं की त्याच्या अत्तराचा. भिंतीवर म्हाताऱ्या माणसांचे फोटो ओळीने लावलेले, सगळे पासपोर्ट छातीशी धरून हसणारे. गळ्यातला टाय त्याने इतका आवळला होता की मान कॉलरच्या वर सांडली होती. मेट्रनबाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव टायवाला ठेवून टाकलं.

"आई, आपल्याला फक्त एक शब्द विसरायचाय," टायवाला म्हणाला. "आजार. तो शब्दच तोंडातून काढायचा नाही. वय झालंय म्हणा, आई. वय सगळ्यांचंच होतं."

वाक्यागणिक आई. स्वतःच्या आईला हा दिवसातून एकदा तरी हाक मारत असेल का, कोण जाणे.

मग त्याने त्यांना दारापासून टेबलापर्यंत चालायला लावलं. बाजारात जनावर चालवून बघतात तसं खुर्चीत मागे रेलून त्याने बघितलं. टेबलापर्यंत येईतो मेट्रनबाईंना धाप लागली. त्यांचं हृदय दमलं होतं, रक्त पुरेसं ढकलत नव्हतं, अंगात पाणी साठायचं, संध्याकाळी घोट्यांवर सूज यायची. गोळ्यांवर सगळं ताब्यात होतं. स्वतःच्या हृदयाबद्दल त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. असली हृदयं त्यांनी शेकड्यांनी सांभाळली होती.

"धाप दिसतेय," टायवाला म्हणाला. "वाक्यं छोटी ठेवा. 'मुलीला भेटायला.' 'परत येणार.' 'तब्येत उत्तम.' याच्या पुढे जायचंच नाही, म्हणजे दम लागायचा प्रश्न नाही." मग वाकून त्याने त्यांच्या पायांकडे पाहिलं. "आणि ही सूज त्या दिवशी दिसता कामा नये. काय करायचं ते घरच्यांनी बघा. मी काही बोललेलो नाही."

एवढं झाल्यावर त्याने फायलीतून डॉक्टरांची चिठ्ठी काढली. हृदय अशक्त आहे, पण औषधांनी तब्येत स्थिर आहे, प्रवासाला हरकत नाही, असं मेट्रनबाईंच्या जुन्या डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं. टायवाल्याने ती दोन बोटांत धरली, मेलेली पाल धरावी तशी, आणि टेबलाखालच्या डब्यात टाकली.

शेजारी बसलेला थोरला मान हलवत होता. थोरला म्हणजे मेट्रनबाईंचा मुलगा, विमा कंपनीत कारकून, केस पांढरे व्हायला लागलेले. मान हलवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. साहेबाने सांगितलं, हलवली. बायकोने सांगितलं, हलवली. आता हा परका माणूस आपल्या आईची चिठ्ठी कचऱ्यात टाकतोय, तरी हा गाढव हलवतोच आहे. मेट्रनबाईंच्या घशाशी आंबट आलं.

खरं तर तेव्हाच उठायला हवं होतं. त्या उठल्या नाहीत, कारण धाकटी.

धाकटी परदेशात होती आणि सात वर्षं तिची भेट नव्हती. तिचे तिथे राहायचे कागद कुठल्याशा टेबलावर अडकले होते. तिने तो देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नव्हती. म्हणजे भेट व्हायची तर आईनेच जायचं. डॉक्टर तोंडावर म्हणाले नव्हते, पण चिठ्ठी देताना "जायचंच असेल तर या वर्षी जा," एवढं म्हणाले होते. असं वाक्य मेट्रनबाईंनी डॉक्टरांच्या पाठीमागे उभं राहून पुष्कळदा ऐकलं होतं. त्याचा अर्थ नातेवाइकांना कळत नसे. त्यांना कळत असे.

आणि धाकटी ही साधी लेक नव्हती. शाळा सुटली की ती थेट वॉर्डात यायची. ड्रेसिंगच्या टेबलाच्या कोपऱ्यावर वही मांडून अभ्यास करायची, मधूनच मान वर करून आईचे हात बघत बसायची. बँडेज गुंडाळायला, ताप बघायला ती खेळता खेळता शिकली. थोरल्याला इस्पितळाच्या फाटकाशीच भोवळ यायची. त्यामुळे मेट्रनबाईंचा जीव कुठे गुंतला होता हे घरातल्या भांड्यांनाही ठाऊक होतं. थोरल्यालाही ठाऊक होतं. त्यावरही तो मानच हलवायचा.

मग घरी तालमी सुरू झाल्या. जेवणाच्या टेबलापलीकडे सूनबाई अधिकारी होऊन बसायची.

"कशासाठी जाताय?"

"मुलीला भेटायला."

"तब्येत कशी आहे?"

"उत्तम."

"आई, 'उत्तम' म्हणताना तुम्ही खुर्ची धरताय," सूनबाई म्हणायची. "हात मांडीवर."

फोनच्या पडद्यावरून धाकटी बघायची आणि टाळ्या वाजवायची. "आई, तू फक्त त्या खिडकीपर्यंत पोच गं! पुढचं सगळं मी बघते. हा बघ तुझा पलंग. खिडकीशी ठेवलाय, दोन उश्या जास्त आणल्यात. तुला सपाट झोपवत नाही ना, मला माहीत आहे." पडद्यावर पलंग दिसायचा, उश्यांचा ढीग दिसायचा. तो ढीग बघितला की मेट्रनबाई परत हात मांडीवर ठेवून 'उत्तम' म्हणायच्या. आपण खोटं घोटतोय, हे त्यांना कळत होतं आणि स्वतःचीही शिसारी येत होती. पण घोटत होत्या.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी थोरल्याने चहा आणून दिला. हे नवल होतं. थोरल्याला गॅस कुठल्या बाजूने पेटतो हे माहीत असेल याची मेट्रनबाईंना शंका होती. चहा कडवट लागला. त्याने पावडर जास्त टाकली असेल, असं म्हणून त्यांनी संपवला. मुलाने हौसेने केलेल्या चहाला नावं कशाला ठेवा. रोजच्या गोळ्या त्यांनी डब्यातून काढून आधीच घेतल्या होत्या. थोरला कप घ्यायला आला तेव्हा तो त्यांच्याकडे न बघता पायांकडे बघत होता.

व्हिसा ऑफिसच्या फाटकाशी थोरल्याला थांबवलं. आत फक्त अर्जदार, फोन नाही, पिशवी नाही, पाण्याची बाटली नाही. हॉलमध्ये करड्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींना लोखंडी पट्टीने जोडलेल्या. समोर काचेच्या खिडक्या, वर लाल आकड्यांची पाटी. दीडशे माणसं बसली असतील, पण आवाज फक्त पाटीचा. आकडा बदलला की टिंग. मेट्रनबाईंनी पायांकडे पाहिलं. घोटे सुटसुटीत दिसत होते, हाडं दिसत होती. बरं वाटलं त्यांना. आज शरीर शहाण्यासारखं वागतंय, असं त्या मनाशी म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांना लघवीला लागली. मग जोराची लागली. मग ओटीपोटात कळ आली आणि पोटरीत गोळा चढला, तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कडवट चहा. तळाशी राहिलेला पांढरट गाळ, त्यांनी पाहिलाही होता, पण साखर समजल्या होत्या. पाण्याची गोळी. अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढणारी, रोज सकाळी एक. एक त्यांनी स्वतः घेतली होती. दुसरी, कदाचित तिसरीही, कुणीतरी कुटून चहात घातली होती.

वॉर्डात त्यांनीही गोळ्या कुटल्या होत्या. गिळता येत नसे अशांसाठी, दोन चमच्यांच्या मध्ये दाबून, आणि तेही डॉक्टरांनी केसपेपरवर लिहिलं असेल तरच. आणि रोग्याला सांगून. बेशुद्ध रोग्यालासुद्धा त्या वाकून सांगत, "बाबा, गोळी देतेय हं." मेट्रनच्या चहात, मेट्रनला न सांगता, हे धाडस कुणी केलं? त्यांची तळपायाची आग मस्तकाला गेली.

त्या उठून सुरक्षारक्षकाकडे गेल्या. "बाथरूम?"

"फाटकाबाहेर. पण बाहेर गेलात की नंबर गेला. परत नवीन तारीख."

"मी आजा—" म्हणता म्हणता त्या थांबल्या. शब्द विसरायचा होता. "मी म्हातारी आहे हो."

"सगळे म्हातारेच आहेत," तो म्हणाला, आणि ते खरंही होतं.

त्या जागेवर येऊन बसल्या. पायावर पाय आवळला. नवीन तारीख म्हणजे तीन-चार महिने. 'या वर्षी जा.' पाटीवर आकडा बदलला, टिंग. त्यांनी डोळ्यांसमोर तो पलंग आणला, उश्या आणल्या, आणि सगळी ताकद लावून धरून ठेवलं. धरवलं नाही.

गरम वाटलं, मग गार वाटलं. खुर्चीखाली थेंब पडायला लागले. शेजारचा गृहस्थ आधी खाली बघू लागला, मग त्यांच्याकडे, मग उठून दोन खुर्च्या सोडून बसला. त्याने खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला.

रुमाल खिशात ठेव. त्याला कळतं.

आयुष्यभर पोरींना ओरडून सांगितलं होतं. खरोखर किती कळतं ते त्या दिवशी त्या खुर्चीत कळलं. त्यांना त्या माणसाचा राग आला नाही. किळस आली ती चहाची, कपाची, कप घ्यायला वाकलेल्या त्या पांढऱ्या केसांच्या डोक्याची. आणि मांडीवर हात ठेवून 'उत्तम' घोटणाऱ्या स्वतःची.

त्यांचा आकडा लागला. ओल्या कपड्यांनी त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. काचेमागची अधिकारी बाई तरुण होती, धाकटीहूनही लहान. ती कीबोर्डवरून मान वर न करता विचारत गेली.

"कशासाठी जाताय?"

"मुलीला भेटायला."

"किती दिवस?"

"दोन महिने. परत येणार."

"काही आजार? उपचार चालू आहेत?"

मेट्रनबाईंनी तोंड उघडलं. 'उत्तम' जिभेवर तयार होतं. पण पाय ओले होते, आणि ओल्या पायांनी 'उत्तम' म्हणणं त्यांच्याच्याने होईना. त्यांनी कंबर सरळ केली. ड्यूटी संपताना पुढच्या सिस्टरच्या हाती वॉर्ड सोपवताना सांगत, त्या आवाजात त्या सांगायला लागल्या.

"रुग्ण स्त्री, वय अडुसष्ट. हृदय अशक्त, तीन वर्षं उपचार चालू, तब्येत स्थिर. चाललं की धाप लागते, संध्याकाळी पायावर सूज येते. झोपताना डोक्याखाली तीन उश्या लागतात. पाण्याची गोळी रोज सकाळी एक. आज सकाळी जास्त दिली गेली आहे, रुग्णाला न सांगता. त्यामुळे रुग्णाचे कपडे ओले आहेत. रुग्ण शुद्धीवर आहे, दिशाभान आहे, आणि रुग्णाला लेकीला भेटायचं आहे." मध्ये दोनदा दम घ्यायला थांबावं लागलं. त्या थांबल्या, काच धरून उभ्या राहिल्या, आणि वाक्य पुरं केलं.

बाईचे हात कीबोर्डवर थांबले होते. तिने पहिल्यांदाच वर पाहिलं, मग बाजूच्या कुणाला तरी खूण केली. आतून एक स्टूल आलं.

"बसा," ती म्हणाली. "डॉक्टरांचं पत्र आहे?"

"होतं. कचऱ्यात गेलं."

"नवीन आणा. प्रवास विमा काढा, हा आजार त्यात लिहून. मुलीकडून लिहून घ्या की तिथे तुमचं कोण बघणार. पोस्टाने पाठवलंत तरी चालेल." ती जरा थांबली. "अहो, आजारी माणसं जातात की भेटायला. आम्ही विचारतो ते सोय आहे का हे बघायला. लपवलेलं कळलं की मात्र आम्ही सरळ नाही म्हणतो."

म्हणजे सगळं फुकट. तालमी फुकट, गोळी फुकट, ती खुर्ची फुकट. मेट्रनबाईंना हसू की रडू कळेना.

बाहेर थोरला धावत आला. "काय झालं? सूज दिसली का?" आणि मग त्याचं लक्ष कपड्यांकडे गेलं. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. त्याने अंगातला कोट काढून त्यांच्या कमरेभोवती धरायला हात पुढे केले.

"हात लावू नकोस," मेट्रनबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर आंघोळ करून, कोरडे कपडे घालून त्या टेबलाशी बसल्या आणि त्याला समोर उभं केलं. चूक केलेल्या पोरींना करायच्या तसं.

"किती गोळ्या?"

"एक. म्हणजे... दोन."

"कशाने कुटल्यास?"

"दोन चमच्यांमध्ये."

"कुणाची ऑर्डर?"

थोरल्याने टेबलावरचा कप उगाच बाजूला सरकवला.

"कुणाची ऑर्डर म्हणून विचारतेय. वॉर्डात कुणी सांगितल्याशिवाय कुणी गोळी देत नाही. त्या टायवाल्याने सांगितलं?"

थोरला भिंतीकडे बघत राहिला. "मीच दिली," तो म्हणाला. "माझंच चुकलं." आणि यावेळी त्याने मान हलवली नाही, खाली घातली.

त्यानंतर मेट्रनबाईंनी औषधांचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवला. चहा स्वतः करून प्यायला लागल्या, कपही आधी विसळून घ्यायच्या. थोरला समोर आला की त्या पाठ फिरवायच्या. पोटच्या पोराची किळस येते, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. वॉर्डात असले मुलगे त्यांनी पाहिले होते, आणि 'असा आपल्या पोटी नको' म्हणाल्या होत्या. सूनबाईने एकदा तोंड उघडलं, "आई, त्यांचं एकट्याचं..." तर थोरल्याने आतून "गप्प बस," म्हणून तिला थांबवलं. डॉक्टरांचं नवं पत्र त्यानेच आणलं. विम्याचे कागद त्यानेच केले. धाकटीकडून पत्र त्यानेच मागवलं, ऑफिसने मागितलंय एवढंच सांगून. आठवडाभराच्या मुक्या घरातून तो पोस्टात जाऊन आला.

पासपोर्ट आला तेव्हा सूनबाईने पाकीट फोडलं. व्हिसा लागला होता. आधी टायवाल्याचा फोन आला, "आई, एक फोटो पाठवा ना, भिंतीवर लावायला." मेट्रनबाईंनी न बोलता फोन ठेवला. मग धाकटीचा आला. पडद्यावर ती नाचत होती, रडत होती, हसत होती. सात वर्षांनी लेकीचा तसला चेहरा बघून मेट्रनबाईंच्या छातीत पहिल्यांदा हलकं वाटलं. थोरला स्वयंपाकघरात भांडी घासत होता. हल्ली तो न सांगता घासायचा.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" धाकटी म्हणाली. "दादा तर घाबरत होता. नको म्हणे, आईला विचारून देऊ. मी म्हटलं, अरे, विचारलंस तर ती घेईल का? दोन चमच्यांत दाब, चहात घाल, कळणारही नाही. आईनेच शिकवलंय मला! एका दिवसाचा तर प्रश्न होता. लागला की नाही व्हिसा?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

मेट्रनबाई पडद्याकडे बघत राहिल्या. तेच डोळे, ड्रेसिंगच्या टेबलाशी वहीवरून वर येणारे, आईचे हात टिपून घेणारे. सगळं टिपलं होतं पोरीने. चमचे टिपले होते, दाब टिपला होता. वाकून 'बाबा, गोळी देतेय हं' म्हणणं तेवढं टिपलं नव्हतं. त्यांच्या तोंडात तो कडवट चहा परत आला. खुर्चीतली गरमी आठवली, गारठा आठवला, शेजारच्याचा रुमाल आठवला. हे त्यांनी अजून लेकीला सांगितलं नव्हतं. तिला वाईट वाटेल म्हणून.

"आई? ऐकतेयस ना? मला तुला भेटायचंच होतं गं. काहीही करून."

"त्या हॉलमध्ये दीडशे माणसांत माझे कपडे ओले झाले," मेट्रनबाई म्हणाल्या. "खुर्चीखाली थारोळं झालं. शेजारच्याने नाकाला रुमाल लावला."

पडद्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं आणि मग उतरलं.

"आई, मला..."

"बोलू नकोस. ऐक. पाण्याची गोळी, सकाळी एक, रुग्णाला सांगून. फोनवर ऑर्डर घेतली की परत म्हणून दाखवायची असते, बघितलंयस तू. म्हण."

"आई, सॉरी गं, मी..."

"म्हण."

"पाण्याची गोळी... सकाळी एक. तुला सांगून."

"रुग्णाला सांगून."

"रुग्णाला सांगून." धाकटीच्या नाकातून पाणी वाहत होतं, ती पुसत नव्हती.

"परत."

तिने परत म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना तिला नीट बोलता येईना, तरी मेट्रनबाईंनी पूर्ण होईपर्यंत वाट पाहिली. त्यांना तिची दया आली नाही. तिला जवळ घ्यावंसंही वाटलं नाही, आणि तसं न वाटणं हेच त्यांना त्या दिवशी सगळ्यात भयंकर वाटलं.

स्वयंपाकघराच्या दारात थोरला उभा होता, कोपरापर्यंत साबणाचा फेस. एवढे दिवस पाठ सोसली, कुलूप सोसलं, विसळलेले कप सोसले, आणि बहिणीचं नाव तोंडातून काढलं नाही याने. मेट्रनबाईंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर, त्याच्या बाजूला ठेवली.

"डबा काढ," त्या म्हणाल्या. "प्रवासाच्या गोळ्या मोजून भरायच्यात, माझ्या डोळ्यांना बारीक दिसत नाही. आणि तूही म्हण. ऐकत काय उभा राहिलास?"

थोरल्याने हात पँटला पुसले, सरळ उभा राहिला आणि म्हणायला लागला. मध्येच त्याचा आवाज फाटला. पडद्यावर धाकटी खाली मान घालून ऐकत होती. तिच्यामागे खिडकीशी तो पलंग दिसत होता, त्यावर उश्या तशाच रचलेल्या.